घटक ६ : महाविद्यालयीन ग्रंथालयातील नियतकालिकांची मांडणी

६.१ प्रस्तावना

मराठी नियतकालिकांचा इतिहास आपण मागील घटकात पाहिला. १८३२ मधील 'दर्पण', १८४० मधील 'दिग्दर्शन', १८६७ मधील 'विविधज्ञानविस्तार', १८७४ मधील 'निबंधमाला' ही नावे आणि त्यांच्यापुढील सने आता आपल्यापैकी बहुतेकांच्या ओळखीची झाली असतील. परीक्षेसाठी ती लक्षात ठेवावी लागतात, हे खरे. परंतु नियतकालिक ही सनावळीतील नोंद नसून हातात धरण्याची, चाळण्याची, मधूनच उघडून वाचण्याची वस्तू आहे, ही गोष्ट सनावळीतून उमगत नाही. ती उमगण्याचे ठिकाण म्हणजे ग्रंथालयाच्या वाचनकक्षातील तो उतरत्या फळ्यांचा रॅक, ज्याच्यावर चालू अंक मांडून ठेवलेले असतात आणि ज्याच्यासमोरून आपण बहुधा न थांबता पुढे जातो.

आपल्यापैकी अनेक जण नोकरी वा घर सांभाळून शिकत आहेत. अभ्यासकेंद्र ज्या महाविद्यालयात असते, तेथील ग्रंथालयात जाण्याची संधी संपर्कसत्राच्या दिवशीच मिळते. तीही तास-दीड तासाची. पुस्तक निदान नोंद करून घरी नेता येते. नियतकालिकाचा चालू अंक बहुतेक ग्रंथालये घरी देत नाहीत, आणि ते योग्यच आहे, कारण त्याची एकच प्रत आलेली असते. म्हणजे त्या तास-दीड तासात फळीवर जे आपल्या दृष्टीस पडेल, तेवढेच आपल्यापुरते अस्तित्वात असते. जे दिसले नाही, ते ग्रंथालयात असूनही आपल्यासाठी नसल्यासारखेच. अंकांची मांडणी हे शिपायाने सकाळी उरकण्याचे किरकोळ काम वाटते. प्रत्यक्षात मराठीच्या विद्यार्थ्याला आज लिहिले जाणारे मराठी दिसेल की नाही, याचा निर्णय त्या मांडणीत होत असतो.

६.२ पुस्तकाचा कणा, नियतकालिकाचा चेहरा

पुस्तके कपाटात उभी, एकमेकांना खेटून ठेवता येतात, कारण पुस्तकाला कणा असतो आणि कण्यावर नाव असते. साठ-सत्तर पानांच्या मासिकाला कणा जवळजवळ नसतोच. दोन पिना मारून ते दुमडलेले असते. असे मासिक पुस्तकासारखे उभे ठेवले, तर ते निनावी होते. त्याची ओळख मुखपृष्ठावर असते, आणि म्हणून ते दर्शनी बाजूने, वाचकाकडे तोंड करून ठेवावे लागते. नियतकालिकांच्या मांडणीचे सगळे शास्त्र या एका साध्या गोष्टीतून निघाले आहे.

दर्शनी मांडणीला जागा फार लागते. पुस्तकांच्या एका फळीवर तीस-चाळीस पुस्तके सहज मावतात. तेवढ्याच लांबीत अंक मात्र चार किंवा पाच. यावर ग्रंथालयांनी शोधलेला उपाय आपण पाहिलेला असेल, पण कदाचित त्याचा उपयोग करून घेतला नसेल. रॅकची उतरती फळी बिजागरीवर बसवलेली असते. तिच्यावर चालू अंक टेकवलेला असतो आणि फळी वर उचलली की मागच्या खणात त्याच नियतकालिकाचे त्या वर्षातील आधीचे अंक रचून ठेवलेले मिळतात. कित्येक विद्यार्थी तीन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करतात, पण फळी उचलता येते हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. एखाद्या लेखाचा पूर्वार्ध मागील अंकात असेल, तर तो शोधण्यासाठी ग्रंथपालांकडे चौकशी करण्याआधी फळी उचलून पाहावी.

फळीच्या खालच्या कडेला अंक घसरू नये म्हणून पट्टी असते. जाड मुखपृष्ठाचा अंक पट्टीच्या आधाराने ताठ राहतो. पातळ कागदाचा अंक मात्र आठवडाभरात मान टाकतो, कमरेत वाकतो आणि त्याचे नावच दिसेनासे होते. दुर्दैव असे की, मराठीतील गंभीर वाङ्मयीन नियतकालिके बहुधा पातळच असतात. जाहिरातींच्या बळावर निघणारी चकचकीत मासिके फळीवर दिमाखात उभी राहतात आणि समीक्षेचे त्रैमासिक त्यांच्या शेजारी पोक काढून बसते. अंकाच्या मागे पुठ्ठ्याचा एक तुकडा ठेवला, तर हा अन्याय दूर होतो. काही ग्रंथालये पारदर्शक प्लास्टिकचे वेष्टन घालतात. त्याने अंक टिकतो, पण वेष्टनातून काढून वाचण्याचा संकोच वाटतो आणि वाचक मुखपृष्ठ पाहूनच समाधान मानतो. प्रस्तुत लेखकाचे मत पुठ्ठ्याच्या बाजूने आहे.

प्रकाशाचा विचारही येथेच करावा. अंक वाचता यावेत म्हणून रॅक खिडकीजवळ असावा, हे स्वाभाविक. पण वृत्तपत्री कागदावर थेट ऊन पडले, की तो काही आठवड्यांतच पिवळा पडू लागतो आणि मुखपृष्ठाचे रंग विटतात. कोकणातल्या दमट हवेत पिना गंजतात आणि मधली जोडपाने सुटतात. खिडकीला पाठ करून नव्हे, तर तिच्या काटकोनात रॅक ठेवला, तर उजेड मिळतो आणि ऊन टळते.

६.३ क्रम कोणता लावावा?

आता खऱ्या अडचणीच्या प्रश्नाकडे येऊ. पन्नास नियतकालिके असतील, तर ती कोणत्या क्रमाने मांडावीत? सरळ उत्तर आहे वर्णानुक्रमाने. ते सरळ वाटते, याचे कारण आपण ते प्रत्यक्ष करून पाहिलेले नसते.

'अंतर्नाद' हे नाव घ्या. हे मासिक आता निघत नाही, पण त्याचे जुने अंक अनेक ग्रंथालयांत आहेत. ते कोठे ठेवावे? शाळेत शिकलेल्या वर्णमालेत 'अं' हा 'औ'नंतर येतो; त्या न्यायाने हे मासिक सर्व स्वरांच्या शेवटी जाईल. अनुस्वार असलेली अक्षरे त्या-त्या अक्षराच्या आरंभी घेण्याची पद्धत स्वीकारली, तर ते 'अक्षर'च्याही आधी, रॅकच्या अगदी पहिल्या घरात येईल. आणि हा अनुस्वार म्हणजे वस्तुतः 'न्' हा परसवर्ण आहे असे मानले, तर त्याची जागा 'अनुष्टुभ'च्या नंतर. एकाच नावाला तीन जागा, आणि तिन्हींच्या मागे व्याकरणाचा आधार. 'ज्ञानोदय'चे जुने खंड कोठे लावावेत? 'ज्ञ' हे जोडाक्षर आहे, म्हणून 'ज'मध्ये; की वर्णमालेच्या शेवटी 'क्ष, ज्ञ' म्हणण्याची सवय आहे, म्हणून अखेरीस? मराठी कोशांतही या बाबतीत एकवाक्यता नाही. भाषेचे विद्यार्थी म्हणून आपल्या लक्षात यावे की, वर्णक्रम ही निसर्गदत्त गोष्ट नसून तो एक संकेत आहे. ग्रंथालयाने कोणताही संकेत निवडावा, पण एकच निवडावा आणि तो रॅकच्या कडेला लिहून लावावा.

याहून अवघड प्रश्न नावांचा आहे. 'साप्ताहिक सकाळ'मधील 'साप्ताहिक' हा शब्द नावाचा भाग धरायचा की प्रकाराचा? 'महाराष्ट्र साहित्य पत्रिका' वाचक 'मसाप पत्रिका' म्हणून मागतो. 'किर्लोस्कर खबर' या नावाने ओळखले गेलेले मासिक पुढे 'किर्लोस्कर' झाले. त्याचे खंड एकत्र ठेवावेत की स्वतंत्र? अशा ठिकाणी एका घरात अंक आणि दुसऱ्या घरात 'अमुक नावाखाली पाहावे' असे निर्देशक कार्ड ठेवण्याची चांगली रीत आहे. कार्डाला खर्च काही नाही, पण ते लिहिणाऱ्याला वाचक कोणत्या नावाने अंक शोधतो याची कल्पना असावी लागते.

वर्णानुक्रमाचा आणखी एक परिणाम आहे आणि तो सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. रॅकची मांडणी वरच्या ओळीपासून सुरू होते. 'अ' डोळ्यांसमोर येतो, 'म' कमरेशी आणि 'स', 'ह' गुडघ्यांशी. आता मराठी नियतकालिकांची नावे आठवून पाहा. 'साधना', 'समाजप्रबोधन पत्रिका', 'हंस' ही सगळी तळाच्या ओळीत जातात. वाकून पाहणारे वाचक थोडे, आणि पन्नाशीच्या पुढे गेलेल्या विद्यार्थ्याला वाकणे हे वाचनापेक्षा कठीण. साने गुरुजींनी १९४८ साली सुरू केलेले साप्ताहिक एखाद्या महाविद्यालयात कोणी उघडत नसेल, तर दोष वाचकांच्या अभिरुचीला देण्याआधी ते कितव्या ओळीत आहे, हे पाहावे. दर सहा महिन्यांनी क्रम खालून वर लावणे किंवा तळाची ओळ रिकामी सोडून रॅकची संख्या वाढवणे, हे दोन उपाय संभवतात. पहिला फुकट आहे.

काही ग्रंथालये विषयवार मांडणी करतात: विज्ञान, वाणिज्य, स्पर्धा परीक्षा, महिला, साहित्य. वाचकाला आपला विषय एका ठिकाणी मिळतो, हा तिचा गुण. पण मग प्रवेशद्वारासमोर कोणता विषय येणार? बहुतेक महाविद्यालयांत तेथे स्पर्धा परीक्षांची मासिके, 'लोकराज्य' आणि 'योजना' आढळतात. यात ग्रंथपालांची चूक नाही. मागणी त्यांनाच आहे आणि ज्या मुलांच्या घरी ही मासिके विकत घेणे परवडत नाही, त्यांच्यासाठी ती समोर असणे गरजेचे आहे. पण त्यामुळे 'साहित्य' हा विभाग मागच्या भिंतीकडे जातो, आणि तेथे मराठीच्या प्राध्यापकांव्यतिरिक्त कोणी फिरकत नाही. 'मिळून साऱ्याजणी' महिला विभागात ठेवले, की त्यातील कथा साहित्याच्या विद्यार्थ्याला दिसत नाही. 'नवभारत' कोणत्या विषयात घालणार? विषयांच्या चौकटी जितक्या पक्क्या, तितकी आपल्या भाषेतील सर्वांगीण विचार करणारी मासिके बेघर होतात. म्हणून मराठीपुरता तरी वर्णानुक्रमच बरा, असे आमचे मत आहे. आपले मत वेगळे असू शकते आणि ते कारणांसह मांडण्याचा सराव या घटकाच्या शेवटी आपण करणार आहोत.

ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. ग्रंथ उपयोगासाठी आहेत, हे पहिले. वाचकाचा वेळ वाचवावा, हे चौथे. नियतकालिकांच्या रॅकपाशी ही दोन सूत्रे एकमेकांशी थोडी भांडतात. ज्याला काय हवे ते ठाऊक आहे, त्याचा वेळ काटेकोर क्रमाने वाचतो. परंतु काय हवे हे ज्याला अजून ठाऊक नाही, आणि दूरशिक्षणाचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी बहुधा असाच असतो, त्याला अंक उपयोगी पडायचा तर तो अवचित समोर यावा लागतो. चांगली मांडणी दोघांचीही सोय पाहते. क्रम काटेकोर ठेवायचा आणि वाचनकक्षाच्या दाराशी एक छोटे टेबल ठेवून त्यावर 'या आठवड्यात आलेले अंक' पसरायचे, एवढ्यानेही हे साधते.

त्रैमासिकांचा वेगळा विचार करावा लागतो. साप्ताहिकाचे मुखपृष्ठ दर आठवड्याला बदलते, म्हणून नजर त्याच्याकडे पुन्हापुन्हा जाते. त्रैमासिक तीन महिने त्याच जागी, त्याच चेहऱ्याने उभे असते. महिन्याभरात ते फर्निचरचा भाग होऊन जाते. शिवाय 'भाषा आणि जीवन' किंवा 'कवितारती' यांसारख्या नियतकालिकांचे खरे आकर्षण मुखपृष्ठावर नसून अनुक्रमणिकेत असते. काही ग्रंथालये अनुक्रमणिकेची झेरॉक्स प्रत काढून फलकावर लावतात. आता मोबाइलवर तिचे छायाचित्र काढून अभ्यासकेंद्राच्या गटावर पाठवणेही सहज शक्य आहे. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या आणि महिन्यातून एकदाच केंद्रावर येणाऱ्या विद्यार्थ्याला या एका छायाचित्राने कोणत्या रविवारी कोणता लेख वाचायचा, हे आधीच ठरवता येते. आपल्या केंद्रावर ही सोय नसेल, तर ग्रंथपालांची परवानगी घेऊन आपणच ती सुरू करावी.

६.४ फळीवर न मावणारी नियतकालिके

मांडणीची प्रत्येक पद्धत काही गोष्टी गृहीत धरते. अंक ठरलेल्या वेळी येईल, त्याचा आकार ठरलेला असेल, त्याची वर्गणी आगाऊ भरता येईल आणि तिची पावती मिळेल. ही गृहीतके मोडणारी नियतकालिके ग्रंथालयात येतच नाहीत. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात याची फार मोठी किंमत मोजावी लागली आहे.

आपल्याला ठाऊक आहे की, १९५०च्या दशकाच्या मध्यावर 'शब्द'पासून लघुनियतकालिकांची चळवळ सुरू झाली आणि साठच्या दशकात 'असो', 'वाचा', 'येरू' अशा अंकांनी ती भरास आली. त्यांपैकी अनेकांनी स्वतःला हेतुतः 'अनियतकालिक' म्हणवून घेतले. पैसे जमले की अंक काढायचा. कधी छापून, कधी चक्रमुद्रित करून. आकार हाताशी असलेल्या कागदावर अवलंबून. १९६९ मध्ये या चळवळीतील तरुण लेखकांनी 'सत्यकथे'च्या अंकाची जाहीर होळी केली. 'सत्यकथा' हे १९३३ पासून निघणारे, नवकथा आणि नवकविता यांना घर देणारे प्रतिष्ठित मासिक होते. प्रस्थापित अभिरुचीविरुद्धचे बंड त्याच्या अंकावर व्यक्त व्हावे, यातच त्याचे वजन दिसते.

आता ग्रंथालयाच्या बाजूने पाहा. 'सत्यकथा' दरमहा पोस्टाने येत होती. फळीवर तिची जागा ठरलेली होती. वर्ष संपले की तिची बांधणी होत होती. १९८२ साली ती बंद पडली, तरी तिचे बांधीव खंड आज अनेक जुन्या महाविद्यालयांत आणि सार्वजनिक वाचनालयांत मिळू शकतात. ज्यांनी तिच्याशी भांडण मांडले, त्यांच्या अंकांना मात्र फळीवर जागा नव्हती, कारण वर्गणीच्या वहीत त्यांच्यासाठी रकाना नव्हता. ते अंक मित्रांच्या हातून मित्रांकडे गेले आणि बहुतांशी विरून गेले. आज या वादावर लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाला एका पक्षाचे कागद हाताशी मिळतात आणि दुसऱ्या पक्षाचे खाजगी संग्रहांत शोधत हिंडावे लागते. कोणी कट करून हे घडवले नाही. रॅकच्या रचनेनेच ते घडवले.

दलित साहित्याच्या बाबतीतही ही गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, चालवलेले 'अस्मितादर्श' हे त्रैमासिक दलित लेखकांच्या कित्येकांच्या पहिल्या लेखनाचे ठिकाण ठरले. ज्या महाविद्यालयांनी त्याची वर्गणी भरली, तेथील विद्यार्थ्याला हे लेखन प्रकाशित होताच वाचायला मिळाले. इतरांना ते पुढे पुस्तकरूपाने आणि अभ्यासक्रमात आल्यावर. या दोन वाचनांत वर्षांचे अंतर आहे.

म्हणून आपल्या ग्रंथालयाच्या रॅकमध्ये एखादे घर 'अनियमित व स्थानिक प्रकाशने' या नावाने राखून ठेवावे, अशी सूचना आपण करू शकता. जिल्ह्यातील साहित्यसंस्थेचे वार्षिक, गावातील मंडळाने काढलेला विशेषांक, एखाद्या कवीने पदरमोड करून छापलेली चार पानांची पत्रिका, महाविद्यालयाचे स्वतःचे नियतकालिक, सगळे तेथे जाईल. दिवाळी अंकांसाठी तर बहुतेक ग्रंथालये स्वतंत्र टेबल मांडतातच. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही परंपरा आहे, आणि वर्षातून महिनाभर तरी ग्रंथालयातील मांडणी दुकानासारखी, किंबहुना जत्रेसारखी होते, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र महिना उलटल्यावर ते अंक जातात कोठे, हेही पाहून ठेवावे.

६.५ चालू अंक जुना होतो तेव्हा

नवा अंक आला, की फळीवरचा अंक मागच्या खणात जातो. खंड पूर्ण झाला, की सर्व अंक बांधणीस जातात. या दोन पायऱ्यांच्या दरम्यान बऱ्याच गोष्टी गहाळ होतात.

अंक आल्याबरोबर त्याची नोंद व्हावी लागते. पूर्वी यासाठी प्रत्येक नियतकालिकाचे एक कार्ड असे आणि अंक आला की त्या महिन्याच्या चौकोनात खूण केली जाई. रंगनाथन यांनी यासाठी तीन कार्डांची पद्धती सुचवली होती. आता हे काम संगणकावर होते. पण मूळ प्रश्न तोच आहे: चौकोन रिकामा राहिला, तर ते कोणाच्या तरी लक्षात आले पाहिजे. छोट्या नियतकालिकांच्या प्रती मोजक्याच निघतात. न आलेल्या अंकाची चौकशी दोन महिन्यांत केली, तर तो मिळतो; वर्षाने केली, तर संपादकांजवळ स्वतःची प्रतही उरलेली नसते.

शिक्का कोठे मारावा, हा प्रश्न हास्यास्पद वाटेल. पण दीनानाथ दलाल यांनी 'दीपावली'साठी रंगवलेल्या एखाद्या मुखपृष्ठाच्या ऐन मध्यभागी ग्रंथालयाचा जांभळा गोल शिक्का पाहिला, की तो हास्यास्पद राहत नाही. शिक्का आतल्या पानावर, मजकूर नसलेल्या जागी असावा.

सर्वांत मोठी हानी बांधणीत होते. या विषयावर लिहिताना प्रस्तुत लेखकाला स्वतःचा एक अनुभव सांगावासा वाटतो. एका जुन्या महाविद्यालयात एका मासिकाचे बांधीव खंड पाहायला मिळाले. खंड सुबक होते, कण्यावर सोनेरी अक्षरे होती. आत पाहिले, तर बांधणाऱ्याने प्रत्येक अंकाचे मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि जाहिरातींची पाने काढून टाकली होती. वाचनीय मजकूर तेवढा ठेवला होता. त्याने ते प्रामाणिकपणे, खंड जाड होऊ नये म्हणून केले असणार. परंतु मुखपृष्ठाबरोबर अंकाचा महिना गेला होता, आणि एका कथेच्या प्रथम प्रकाशनाची तारीख निश्चित करण्यासाठी घालवलेले दोन दिवस तेथेच संपले. त्याच कपाटाच्या तळाशी एक खंड बांधायचा राहून गेला होता. त्याचे अंक सुतळीने बांधलेले, कसर लागलेले, पण संपूर्ण होते. त्या गठ्ठ्याने काम झाले.

जाहिरात आणि मुखपृष्ठ हे नियतकालिकाचे बाह्यांग नव्हे, ही गोष्ट वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने पक्की लक्षात ठेवावी. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी 'करमणूक' पत्रातून क्रमशः आली. आज आपण ती सलग पुस्तकात वाचतो. तिच्या मूळ वाचकांनी ती आठवड्याआठवड्याने, इतर मजकुराच्या शेजारी, पुढे काय होणार हे माहीत नसताना वाचली. प्रकरणे कोठे तुटतात, वाचकाला मागचे आठवावे म्हणून लेखक काय करतो, हे प्रश्न पुस्तकासमोर बसून नीट सुचत नाहीत. केशवसुतांची कविता ज्या नियतकालिकांत आली, त्यांत तिच्या आगेमागे कोणत्या कविता होत्या, हे पाहिल्यावर तिचे वेगळेपण डोळ्यांत भरते. यासाठी मूळ अंक, सगळ्या पानांसह, लागतो. आणि मूळ अंक उद्या मिळायचा, तर तो आज फळीवर नीट मांडला, नोंदला आणि राखला गेला पाहिजे. जुने अंक कोठे आहेत हे शोधायचे असल्यास शं. ग. दाते व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने प्रसिद्ध केलेली मराठी नियतकालिकांची सूची पाहावी.

६.६ रॅकपाशी लागणारे मराठी

हा घटक आपल्या व्यावहारिक मराठीच्या अभ्यासालाही जोडलेला आहे. रॅकवर लावलेल्या पाट्या वाचा. 'मासिके जागेवरून हलवू नयेत' अशी एक पाटी अनेक ठिकाणी दिसते. तिचा अर्थ शब्दशः घेतला, तर अंक वाचताच येणार नाहीत. लिहिणाऱ्याला म्हणायचे असते की, वाचनकक्षाबाहेर नेऊ नयेत. 'वाचून झाल्यावर अंक जागेवर ठेवावा' ही पाटी नेमकी आहे, पण व्यवहारात वाचक अंक चुकीच्या घरात ठेवतो. म्हणून 'वाचून झालेला अंक टेबलावरच राहू द्यावा' ही तिसरी पाटी अधिक शहाणपणाची. तिचा एक गुप्त लाभ असा की, संध्याकाळी टेबलावर राहिलेले अंक मोजले, की कोणते नियतकालिक वाचले जाते, हे ग्रंथपालांना आपोआप कळते. वर्गणी बंद करण्याचा प्रश्न येतो, तेव्हा हा आकडा एखाद्या त्रैमासिकाला वाचवू शकतो.

न आलेल्या अंकासाठी लिहावयाच्या पत्राचा नमुना पुढे दिला आहे. मागणी स्पष्ट असावी, पण स्वर तक्रारीचा नसावा. छोट्या नियतकालिकाचा व्यवस्थापक बहुधा संपादकच असतो आणि पत्ते लिहिणाराही तोच.

'मा. व्यवस्थापक यांस, सप्रेम नमस्कार. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने आपल्या त्रैमासिकाची चालू वर्षाची वर्गणी भरली असून पावतीची प्रत सोबत जोडली आहे. वर्ष १४, अंक १ व २ आम्हांस वेळेवर मिळाले. अंक ३ अद्याप मिळालेला नाही. अंक प्रसिद्ध झाला असल्यास तो कृपया पुन्हा पाठवावा. प्रसिद्ध व्हावयाचा असल्यास अथवा जोडअंक काढण्याचा विचार असल्यास तसे कळवावे, म्हणजे आमच्या नोंदीत दुरुस्ती करता येईल. पुन्हा पाठवण्याचा टपालखर्च देण्याची आमची तयारी आहे. कळावे, आपला विश्वासू.'

या पत्रात वर्ष आणि अंक हे दोन्ही आकडे आहेत, याकडे लक्ष द्यावे. केवळ 'ऑक्टोबरचा अंक' असे लिहून भागत नाही, कारण अंकावरील महिना आणि अंक प्रत्यक्ष येण्याचा महिना यांत मराठीत पुष्कळदा अंतर पडते. शिवाय प्रत्येक नियतकालिकाचे वर्ष जानेवारीतच सुरू होते असे नाही. कोणाचे ते स्थापनेच्या महिन्यापासून, तर कोणाचे एप्रिलपासून मोजले जाते. आपल्या प्रकल्पलेखनातही लेखाचा निर्देश करताना नियतकालिकाचे नाव, वर्ष, अंक, महिना, सन आणि पृष्ठ एवढे सर्व द्यावे.

उपक्रम

पुढील संपर्कसत्राच्या दिवशी ग्रंथालयात अर्धा तास आधी जावे. नियतकालिकांच्या रॅकच्या तळाच्या ओळीतील मराठी नियतकालिकांची नावे, त्यांच्या चालू अंकांचे वर्ष व क्रमांक वहीत उतरवावेत. त्यांपैकी एकाची फळी उचलून मागील अंक पाहावेत आणि कोणता अंक नाही, ते टिपावे. त्या अंकासाठी वरील नमुन्याच्या आधारे, पण स्वतःच्या शब्दांत, पत्राचा मसुदा तयार करावा. वर्णानुक्रम की विषयवार मांडणी, याविषयी आपले मत सुमारे १५० शब्दांत त्याच वहीत लिहावे आणि दोन्ही गोष्टी ग्रंथपालांना दाखवाव्यात.